कुणाला म्हणू ते सांगा

दिवाळीपासून आमच्या घरात बापलेकांचा अबोला होता आणि मधल्यामधी माझं डोकं उठलं होतं. माझे सासरे नागप्पा, अंबाजोगाईत त्यांचं दोरखंडाचं आणि भांड्यांचं दुकान. माझे मालक वीरेश पुण्याची नोकरी सोडून आले आणि बापाला न विचारता अर्ध्या दुकानात त्यांनी इंटरनेटचे पाच कॉम्प्युटर मांडले. तेव्हापासून सासरे मला सांगायचे, "जेवायला वाढलंय म्हणावं." वीरेश तिथंच, हातभरावर बसलेले. ते मला म्हणायचे, "नंतर जेवतो म्हणून सांग." तोही निरोप मीच उलटा न्यायचा. मी सून हाय का टपालखातं?

त्या वर्षी बारावीचा निकाल नेटवर लागणार होता. लाईन आमची लई रडकी, एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. म्हणून वीरेशनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला. बैठक क्रमांक टाकला की नुसते मार्क यावेत, चित्रंबित्रं न्हाईत. फोनची तार लावलेल्या मशीनवर तो झकास चालला. बाकीची चार मशीनं त्या एकामार्फतच बाहेर जायची. त्या मधल्याला प्रॉक्सी म्हणायचे. तिथं मात्र प्रोग्राम हटून बसला. चारही पडद्यांवर एकच उत्तर, पत्ता कळला नाही. नेहमीच्या ब्राउझरमधून त्याच मशीनवर सगळं उघडत होतं. निकाल उद्यावर आलेला, वीरेश सकाळपासून जेवले न्हवते. हे फसलं तर सासरे लेकाशी जन्मात बोलायचे न्हाईत, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात सासरे गल्ल्यावरून म्हणाले, "चहा झालाय म्हणावं."

माझं टाळकंच सटकलं. "कुणाला म्हणू, मामा? तुमी त्यांच्याशी बोलत असता तर नुसतं 'चहा झालाय' चाललं असतं. माझ्याकडून धाडायचं तर आधी नाव सांगा, मग काम सांगा. का रस्त्यावरल्या म्हशीला सांगून येऊ?"

सासरे दोरीचं भेंडोळं उचलून सोडवत बसले. मी जास्तच बोलले, असं मला वाटलं.

वीरेश मात्र खुर्चीत वळले. "रुद्राणी, परत म्हण."

"न्हाई म्हणत."

तोवर त्यांची बोटं चालायलासुद्धा लागली होती. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा प्रोग्राम मधल्या मशीनलाही नुसतं म्हणत होता, निकालाचं पान दे. निकालाच्या कॉम्प्युटरशी थेट जोडलेलं असलं की तेवढं पुरतं, कारण बोलणं त्याच्याशीच चाललेलं असतं. मधल्याला मात्र पहिल्याच ओळीत पूर्ण पत्ता द्यावा लागतो, कुठल्या कॉम्प्युटरकडं जायचं आणि तिथलं कुठलं पान आणायचं. ब्राउझर हे आपलं आपण करतो. यांनी हातानं लिहिताना ते सोडलं होतं. मागल्या निकालाच्या पानावर करून बघितलं, तर चारही मशीनवर मार्क आले.

"म्हंजे ही तुमच्या घराण्याचीच खोड हाय," मी म्हणाले. किती दिवसांनी ते हसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा न्हवती. इसाक मेकॅनिक ग्रीसच्या हातानंच आला, लेक सहरला घेऊन. तिचा नंबर टाकला आणि लगेच मार्क आले, पहिला वर्ग. इसाकभाईनं पेढा आधी सासऱ्यांच्या हातावर ठेवला. "नागप्पाशेठ, तुमच्या पोरामुळं लवकर कळलं. न्हाईतर आमचा जीव टांगणीलाच होता." सासरे पेढा हातात धरून लेकाकडं बघत राहिले.

दुपार टळल्यावर गर्दी ओसरली. मी ताट वाढून दारात आले आणि सवयीनं निरोपाची वाट बघत थांबले. सासरे उठले. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. जाऊन वीरेशच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"जेवून घे," म्हणाले. "गार व्हायलंय."

नाव न्हाई, गाव न्हाई. वीरेश "हो अप्पा" म्हणून उठले. मला कुणी काहीच सांगायला सांगितलं न्हाई, आणि बिनकामाची झाल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला न्हवता.