उतिसांचा उतार

मित्रांनो, मी दार्जिलिंगच्या डोंगरातलं चहाचं एक जुनं झुडूप आहे, आणि मला क्षमा करता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

माझं वय शंभराच्या पुढं आहे. उंची मात्र कंबरेएवढीच, कारण दर हिवाळ्यात कोयता माझा माथा छाटतो. त्या कोयत्यावर माझा राग नाही. छाटल्याशिवाय फागुनात पालवी फुटत नाही. आमचा उतार इतका उभा, की खुडणाऱ्या बायका एक पाय वरच्या ओळीत आणि एक खालच्या ओळीत रोवतात. पाठीवरच्या टोपलीचा पट्टा कपाळावर असतो. दोन्ही हात मोकळे, आणि तोंडही.

आमच्या ओळीवर जसमाया आणि तिची धाकटी बहीण सानुमाया खुडायच्या.

"दिदी, बघ या म्हाताऱ्यानं माझ्यासाठी किती पालवी काढलीय!"

"तुझ्यासाठी कशाला? तुझ्या बडबडीला घाबरून फुटलीय ती, कान्छी." धाकटीला ती कान्छीच म्हणायची.

आमच्या चहाचं दूरदेशी फार कौतुक व्हायचं. पण हा उतार धरून ठेवला होता तो आमच्या वर उभ्या असलेल्या सतरा उतिसांनी. उंच, सरळ झाडं ती. आम्हाला सावली त्यांची आणि मातीला आधार त्यांच्या मुळांचा.

मुकादम रणध्वजानं ती झाडं करवतीनं कापून लाकूड परस्पर विकलं. जसमाया आडवी गेली होती.

"दाजू, या मुळांवर डोंगर उभा आहे."

"डोंगराचं डोंगर बघेल. तू पानं खुड."

त्यानं बुंध्यांवर माती लोटली. वर गवत उगवलं.

साउनात, म्हणजे श्रावणात, तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी दुपारी उघडलं म्हणून बायका कामावर आल्या, आणि उतार सुटला. माझ्या खालच्या अकरा ओळी दरीत गेल्या. माझी अर्धी मुळं उघडी पडली. सानुमाया खालच्या ओळीत होती. दुसऱ्या दिवशी ती सापडली, तेव्हा टोपलीचा पट्टा कपाळावर तसाच होता.

मुकादमानं कचेरीत सांगितलं, "बायकांनी बकऱ्यांना चारायला झाडं ओरबाडली, म्हणून माती सुटली. ती पोरगीच त्यात पुढं होती." तसंच कागदावर लिहिलं गेलं. मळ्याच्या बडेसाहेबांनी सही केली. उतारावर कुणी आलं नाही.

मेलेल्या पोरीवर आळ! त्या हिवाळ्यात मी उघड्या मुळांनी थंडी सोसली ती केवळ त्या माणसाची फजिती बघण्यासाठी.

फागुन आला. परदेशी पाहुणे पहिल्या खुडणीचा चहा चाखायला येणार होते. जसमायानं बायकांना हळूच सांगितलं, "खाली जून पानं, वर कोवळी. आणि टोपली दाबून भरा."

दाबलेला पाला आतल्या आत तापतो, कारखान्यात पोचायच्या आधीच लाल पडतो. मुकादमानं टोपल्यांवरून वरवर हात फिरवला आणि भरपूर पाला आला म्हणून खूश झाला.

पाहुण्यानं पहिला घोट थुंकून टाकला.

बडेसाहेब तरातरा उतारावर आले. पहिल्यांदाच. मागं मुकादम धापा टाकत होता.

"हा पाला कुणी खुडला?"

"मी," जसमाया म्हणाली. "मुद्दाम खराब खुडला."

"ऐकलंत साहेब? हिला आजच हाकला!" मुकादम ओरडला.

"हाकला. पण माझी बहीण गेली तेव्हा तुम्ही इथं आला नव्हता, साहेब. चहा बिघडला तेव्हा आलात. आता आलाच आहात, तर हे बघून जा."

तिनं माझ्या वरच्या बाजूचं गवत विळ्यानं खरवडलं. बुंधा दिसला, ताटासारखा सपाट. मग दुसरा. मग तिसरा.

"आमच्या बकऱ्या करवत चालवतात का, साहेब?"

एक बाई फिसकन हसली, मग सगळ्या हसल्या. हसता हसता जसमाया रडायला लागली. मुकादम मात्र पायानं गवत परत बुंध्यावर लोटायला लागला. मित्रांनो, त्या हसण्याइतका गोड आवाज मी शंभर वर्षांत ऐकला नव्हता.

कचेरीतला कागद बदलला. जसमायाची नोकरी राहिली, मुकादमाची गेली. पण जसमायानं साहेबांकडून एक अट मान्य करून घेतली. जायच्या आधी त्यानं स्वतःच्या हातांनी उतिसाची सतरा रोपं लावायची, सगळ्यांसमोर. तो चिखलात गुडघे टेकून माझ्याजवळ खड्डा खणायला लागला, तेव्हा माझ्या काटक्यांनी त्याची मनगटं ओरबाडली. एकाही काटकीनं वाकून त्याला वाट देऊ नये असंच मला वाटत होतं.

तो गेल्यावर दोघी बहिणींची आई, त्यांची आमा, हळूहळू वर चढून आली. तिनं त्याचं पहिलंच रोप मुळासकट उपटलं. 'फेक, दरीत फेक!' मी मनात म्हणालं.

रोप हातात धरून तिनं खाली, लेक गेली त्या दरीकडं पाहिलं. मग ती खाली बसली, त्याच खड्ड्यात तिनं ते पुन्हा ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी माती दाबली. बाकीची सोळाही तिनं तशीच उपटून पुन्हा लावली, त्याच्या हातची रोपं आपल्या हातांनी आपलीशी करत.

मित्रांनो, डोंगरावरचं झाड तोडण्याआधी त्याच्या खाली कोण उभं आहे ते बघा. आणि कुणी तोडलंच, तर त्या आमासारखं करा. मला ते अजून जमत नाही.