टोपण न काढलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, मला लांबचं छान दिसतं. जवळचं विचाराल तर सगळा अंधार. हा दोष एकट्या माझाच आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

माझा जन्म कारखान्यातला. भिंगं तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडाकडे धरलं आणि "ही नीट बघेल" असा आशीर्वाद दिला. मग दुकानात धूळ खात पडले असताना माझे मालक आले. ते पेशाने हिशेबतपासनीस. "भिंग अस्सल आहे कशावरून?" त्यांनी विचारलं. "साहेब, बघा की त्यातून!" दुकानदार म्हणाला. मालकांनी बघितलं, पण दुकानदाराकडेच.

उमेदीची वर्षं मी त्यांच्या गॅलरीत काढली. समोर टाकी कोण वाहू देतं, कचरा कोण खाली भिरकावतं, सगळं मी पकडून दिलं. "साक्षीदार असावा तर असा!" अशी शाबासकीही मिळवली. पुढे समोर उंच इमारत उभी राहिली आणि मी डांबराच्या गोळ्यांशेजारी कपाटात गेले.

एके दिवशी मालकीणबाईंनी सहलीचा हट्ट धरला. गटासोबत जंगलसफारी आणि शेवटी डोंगरावरच्या देवस्थानाची पायी यात्रा.

"पुढच्या वर्षी जाऊ. देव काय पळून जातोय?" मालक म्हणाले.

"देव नाही हो पळत," एवढंच बोलून त्या बॅग भरायला लागल्या.

मालकांना संशय आला. त्यांनी मला कपाटातून काढलं.

सफारीत गाडीतले सगळे जंगलाकडे बघत होते, आम्ही दोघं गाइडकडे. तो तरुण, गोडबोल्या, आणि सारखा मालकीणबाईंच्या कानाशी. "काकू, डावीकडे अस्वल. काळंभोर. आता पाठ खाजवतंय." काकू खूश! अस्वल एकच होतं, पण कानातल्या कानात त्याने त्याला पिल्लूही जोडून दिलं. मालकांच्या गळ्यात मी शपथेवर सांगणारी साक्षीदार असूनही मला कुणी विचारलं नाही.

"हा पोरगा तुझ्या मागे-मागे का असतो?"

"तुम्ही पुढे-पुढे असता म्हणून!"

यात्रेच्या वाटेवर तर त्याने चक्क काकूंचा हात धरला. मालक कड्याच्या वळणावर वाट अडवून उभे राहिले. "तुमचं दोघांचं काय चाललंय, ते आत्ता सांग."

"काही नाही. द्या ती दुर्बीण, देवस्थान बघू दे." काकूंनी मला डोळ्यांना लावलं. "अगंबाई! दरवाजा केवढा उंच!"

मित्रांनो, माझी टोपणं बंद होती. धुळीच्या संशयाने मालक ती वापर झाला की लगेच लावून ठेवत. त्यांनी टोपणांकडे बघितलं, मग बायकोच्या डोळ्यांकडे. इतक्या जवळून बहुधा पहिल्यांदाच.

"कधीपासून?"

"झालं वर्ष. घरात सगळं पाठ आहे, म्हणून निभावलं. तुम्हाला कळलं असतं, तर आधी दहा डॉक्टरांवर संशय घेतला असता आणि यात्रा राहिली असती. ऑपरेशनचं काही सांगता येत नाही म्हणतात. त्याआधी एकदा वर जायचंय." मग हळूच म्हणाल्या, "आता परत नेणार मला?"

मालकांनी मला पाठीवर टाकलं, गाइडला पुढे पिटाळलं आणि काकूंचा हात स्वतः धरला. "दगड आहे. पाय उचल. पुन्हा दगड."

"नुसते दगडच? तो पोरगा बरं सांगायचा हो."

मालक थांबले. आयुष्यभर पुराव्याशिवाय शेरा न मारलेला माणूस. समोर रिकामा उतार होता.

"अस्वल आहे," ते म्हणाले.

"खरंच? आणि पिल्लू?"

त्यांनी घसा खाकरला. "आहे ना. आईच्या मागे-मागे."

काकू हसल्या आणि त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. माझी टोपणं उघडी असती तरी मी साक्ष दिली नसती.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडाने पुसा, मला ओलीत ठेवू नका. आणि मला डोळ्यांना लावायच्या आधी एकदा शेजारी बसलेल्या माणसाकडे नुसत्या डोळ्यांनी बघा. तिथे माझा काही उपयोग नाही.