आतून गार

गोटीरामच्या अंगाचा ताठपणा जराही सैलावला नव्हता, पोटावर सडण्याचा हिरवट डागही उमटला नव्हता. मार्चच्या उन्हात म्हणजे याला मरून बारा-चौदा तासच झाले असणार. डॉक्टर मंजुषाने तसंच लिहायला घेतलं. फौजदाराचंही म्हणणं तेच: मंगळवारी रात्री भावाभावांत जुंपली आणि त्याच्या भावाने, वाळूने, डोक्यात दगड घातला. बुधवारी सकाळी प्रेत वाळूच्याच झोपडीमागे सापडलं होतं, आणि वाळू कोठडीत होता.

तेवढ्यात प्रेत उघडणाऱ्या लहानूने हात झटकन मागे घेतला.

"बाई, आतून लय गार हाय हा."

तिने यकृतात तापमापक घातला. अकरा अंश. खोलीत एकतीस होतं. मेलेला माणूस भोवतालच्या हवेइतका गार होतो, त्याखाली आपोआप जात नाही. इथल्या शवागाराचा फ्रीज तर आठ दिवस बंद. मग याला थंड केलं कुणी? इतकं आतवर गारठायला अख्खा दिवस लागतो. मंगळवारी रात्री हा भांडत नव्हता, कुठल्यातरी शीतगृहात मरून पडला होता. गारव्यात ताठपणा टिकतो, डाग उमटत नाही, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला ती स्वतःच निघाली होती, आणि तिला आधी स्वतःचाच संताप आला.

गोटीराम द्राक्षांच्या पॅकहाउसात, तिथल्या शीतगृहात पेट्या रचायचा. जठरात नागलीची भाकर जवळजवळ तशीच होती, म्हणजे जेवला आणि तासाभरात गेला.

फौजदार दारातूनच म्हणाला, पॅकहाउसचा मालक मोठा माणूस आहे, वरून फोन आलाय, बारा तास लिहून टाका.

"तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली.

मागच्या ओट्यावर त्याची बायको नवसाबाई बसली होती. सुरगाण्याहून दोघं हंगामापुरती आलेली. शेवटची भाकर सोमवारी सकाळी बांधून दिलेली, तिने सांगितलं. दहाच्या सुट्टीत खायचा. मंजुषाने मंगळवारचं विचारलं.

"सोमवारी घरी नाय आला, म्हनून मंगळवारी भाकर घेऊन गेटवर गेले. दिवसभर बसले. मालक म्हनला, आत कामात हाय."

मंजुषा आत आली. मृत्यू सोमवारी, सकाळच्या जेवणानंतर, तिने लिहिलं, आणि त्यानंतर प्रेत शीतगृहात. पेन इतकं रेटलं की कागद फाटला. तिने दुसरा घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं.