डब्यातल्या तीन गोळ्या

अठ्ठ्याऐंशी साली आमच्या सगुणाची उजवी मूठ मिटली ती उघडेना. सगुणा म्हणजे माझी बायको. कोलशेतहून रोज ठाण्याच्या बाजारात जायची, मासळी विकायला. मासळी विकायची म्हणजे नुसतं बसायचं नाय. गिऱ्हाईक बोललं घोळीसारखा मोठा मासा कापून दे, तर कापून द्यावा लागतो. कोयता धरायला बोटं पाहिजेत, आणि हिची बोटं सुक्या बोंबलासारखी वाकडी. इस्पितळातल्या गोळ्यांनी पोट बिघडलं, बोटं तशीच. आणि बाजारातली जागा कोणाच्या नावावर नसते, बसणारीची असते. तू नाय बसलीस की शेजारीण टोपली सरकवते. आमची शेजारीण मालन. तिची टोपली सरकायला लागलेली.

तेव्हा कोणीतरी डोंबिवलीच्या त्र्यंबक वैद्याचं नाव सांगितलं. मी गेलेलो. दुकानात शिरलं की समोर दोन फ्रेमा. एकीत शंकर, दुसरीत सरकारी परवाना. हार दोघांना. गांजावर सरकारनं नुकताच कडक कायदा आणलेला, पण पाल्याची भांग परवान्यावर चालायची. वैद्य मात्र तिला भांग बोलू द्यायचा नाय.

"विजया म्हणा, महिपतराव. भांग होळीला पितात. विजया सांध्यांना घेतात."

बाटलीवर छापलेलं, 'शंभर टक्के शास्त्रीय'. आत तीस गोळ्या.

सगुणानं संध्याकाळी एक खाल्ली आणि सकाळी मूठ उघडली. खोटं बोलत असेन तर उद्या जाळ्यात चिखल येऊ दे. बाई उठली, पाच बोटं माझ्या तोंडासमोर हलवली आणि कोयता घेऊन बाजारात गेली. पुढं महिनाभर ती रोज बसली. मालनची टोपली आपोआप मागं गेली.

झालं, बाजारात बोंब. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, सगळ्या बायांनी बाटल्या आणल्या. वैद्याच्या दुकानाला नवीन काच लागली.

आमी दुसरी बाटली आणली. तोच वैद्य, तेच लेबल. मूठ मिटली ती मिटलीच. वर बाई दिवसभर हसत सुटली. एकानं पापलेटचा भाव विचारला, तर ही त्याच्या मिशीकडं बघून पदरात तोंड घालून हसते. गिऱ्हाईक मालनकडं गेलं.

मी बाटली घेऊन परत डोंबिवलीला.

"वैद्यबुवा, पहिल्या बाटलीत काय घातलेलं?"

"जे दुसरीत आहे तेच."

"मग एकीनं बोटं सुटली आणि दुसरीनं हसू सुटलं, असं का?"

"प्रकृती, महिपतराव. प्रत्येकाची प्रकृती वेगळी."

"अवो, बाटली बदलली. बायको तीच आहे."

वैद्य चिडला. "हजारो वर्षांचं शास्त्र आहे हे. त्याची परीक्षा घेणारे तुम्ही कोण?"

"शास्त्र असेल जुनं. ही बाटली मागच्या मंगळवारची आहे. पाला कुठनं आणता?"

"शहाडचा एक माणूस देतो."

"तो कुठनं आणतो?"

"मिळेल तिथून."

"पहिल्या खेपेचा कुठला होता, लिवून ठेवलंय?"

"महिन्याला चारशे बाटल्या जातात हो. लिहायला वेळ आहे कुणाला?"

आता माझा बाप अंगठेबहाद्दर. त्याच्या वेळी सुती जाळी, ती झाडाची साल उकळून त्यात रंगवायची, म्हणजे खाडीत कुजत नाय. कोण नवीन साल विकायला आला, की बाप आख्खं जाळं बुडवायचा नाय. एक तुकडा रंगवायचा, एक कोरा ठेवायचा, दोन्ही एकाच खुंटाला बांधायचा. महिन्यानं बघायचा कुठला कुजला. मी बोललो, बापाला जे कळत होतं ते ह्या शंभर टक्के शास्त्रीयवाल्याला कळत नाय?

मी घरी गूळ आणि पिठाच्या गोळ्या वळल्या, वैद्याच्या गोळीसारख्याच काळ्या. बाजारात सहा बाया निवडल्या. तिघींना दुसऱ्या बाटलीतली, तिघींना गुळाची. सांगितलं कोणालाच नाय. आठ दिवसांनी विचारलं. वैद्याच्या गोळीनं दोघींना आराम. गुळानं पण दोघींना आराम. मालनला तर गूळ असा लागू पडला की ती माझ्याकडं आणखी मागायला आली.

म्हणजे दुसरी बाटली गुळाच्या लायकीची. पण पहिलीत काहीतरी होतं, हे मला पक्कं माहीत. आणि सगुणाच्या सवयीनं त्यातल्या तीन गोळ्या शिल्लक होत्या. टोपलीतला शेवटचा वाटा ती विकत नाय, घरच्या कालवणाला ठेवते. तसंच बाटलीतल्या शेवटच्या तीन तिनं तपकिरीच्या डब्यात ठेवलेल्या.

त्या घेऊन मी हेमा मॅडमकडं गेलो. ठाण्याला कॉलेजात रसायन शिकवायच्या, सगुणाचं जुनं गिऱ्हाईक. मी डबा काढून आत काय ते सांगितलं, तशा त्या दाराकडं बघायला लागल्या.

"महिपतभाऊ, आधी तो खिशात ठेवा. वैद्याकडे विकायचा परवाना आहे. माझ्याकडे तपासायचा नाही."

"म्हणजे चारशे माणसांच्या पोटात घातलेली चालते, तुमच्या एका काचेच्या नळीत घातलेली चालत नाय?"

मॅडम हसल्या, पण बाई चांगली. बसून तपासायच्या परवान्याचा अर्ज लिहून दिला. अर्ज वर गेला. अजून वरच असेल.

तिकडं मालनची टोपली परत सरकली. एका सकाळी तर ती सगुणाच्या पाटावरच बसली. त्या संध्याकाळी सगुणानं डब्यातली एक खाल्ली. दुसऱ्या दिवशी मालनसमोर उभी राहून भली मोठी घोळ अशी कापली की मालन गपचूप उठली. दोन दिवस मूठ उघडी राहिली. मिटली तशी दुसरी खाल्ली. परत दोन दिवस.

राहिली एक. मला वाटलं ती पण खाईल. तिनं ती माझ्या हातात ठेवली.

"ही खाल्ली तर दोन दिवस. हिच्यासारखी बनवून आणा, तर मी मरेपर्यंत बसेन. जा. भांडू नका, नुसती दाखवा."

मी गेलो. दुकानात मोठी गर्दी. काउंटरवर कागद पसरून गोळी ठेवली. वैद्यानं ती उचलली, हुंगली, नखानं कण काढून जिभेवर ठेवला. मग दोन्ही हात मागं नेले, कंबर दाबली. म्हातारा स्वतः वाकून चालायचा, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"कुणाची हो ही गोळी?"

"का?"

"माल चांगला दिसतो. गुण येतो का?"

"दोन दिवस."

तो पुढं वाकला, गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये असा. "माझ्या गोळीनं मला काही फरक नाही, तुम्हाला म्हणून सांगतो. ह्या माणसाचा पत्ता देता का?"

मी गोळी कागदात बांधली आणि निघालो.

सगुणा ओट्यावर बसलेली, मिटलेली मूठ मांडीवर. "काय बोलला वैद्य?"

"त्याला पण हीच पाहिजे."

तिनं माझ्याकडनं कागदाची पुडी घेऊन दातानं सोडली. मग डाव्या हातानं गोळी घेतली, तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्याली.

"मग त्याला बोला, लायनीत उभा राहा. माझ्या मागं."