किनुएचा दोर

बायकोचा दोर हाताला हलका लागायला लागला, तेव्हा तामेझो धास्तावला.

जपानातल्या शिमाच्या त्या किनाऱ्यावर बुडी मारायची ती बाईनं आणि होडीत उभं राहून ओढायचं ते नवऱ्यानं, अशी रीत. बाईच्या अंगावर चरबी असते, तिला गार पाणी सोसतं. बाप्याच्या दंडात जोर असतो, त्यानं ओढावं. देवानं वाटणीच तशी केलीय, असं म्हाताऱ्या सांगायच्या. किनुए कमरेला दोर बांधून तळाशी जायची, खडकाला चिकटलेले शिंपले लोखंडी पट्टीनं उचकटायची आणि दम संपत आला की दोराला हिसका द्यायची. मग तामेझो तिला भराभर वर घ्यायचा. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. तिचं वजन त्याला डोळे मिटूनही कळायचं.

आणि आता दोर हलका! म्हणजे बायको झिजतेय. त्याची आई अशीच झिजून गेली होती. दुसरं काही कारण असेल हे त्या बहाद्दराच्या डोक्यातही आलं नाही. पुरुषाची जातच तशी मेली. काळजी वाटली की बोलायचं सोडून खायला घालतात. रोज आपल्या ताटातला मासा तो तिच्याकडे सरकवायचा.

"अहो, मला धष्टपुष्ट करून बाजारात नेणार आहात का?"

"गप खा."

शेवटी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं आणि तो हसला. "गेल्या वर्षापेक्षा भरल्यात की बाई. हिला कसला रोग?"

तामेझोला आभाळ ठेंगणं झालं. परतीच्या बसमध्ये तो पोरासारखा बडबडत होता. मग मध्येच त्याला दोर आठवला.

"मग दोर हलका का लागतो गं?"

"समुद्राला विचारा."

"तू खालून पाय मारत येतेस. होय ना?"

किनुए खिडकीबाहेर बघत राहिली. "तुमचा खांदा धरला ना, त्या हिवाळ्यापासून."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगून काय केलं असतंत? दोर दुसऱ्याच्या हातात दिला असतात. मला नाही चालायचं ते."

ते खरंच होतं. नवऱ्याचे हात थकले की बाईनं भाऊ नाहीतर दीर होडीत घ्यायचा आणि नवऱ्यानं घरी बसायचं, हीही तिथली रीतच. पण तामेझोला ते झोंबलं. "माझे हात शाबूत आहेत! उद्या पाय हलवायचा नाहीस. माझी शपथ आहे तुला."

"वेडेपणा करू नका हो."

"शपथ घातलीय म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी ती खाली गेली. हिसका आला, तामेझोनं ओढायला सुरुवात केली. अर्ध्यापर्यंत ठीक चाललं. मग दंड थरथरायला लागले, खांदा जागच्या जागी अडकला आणि ओला दोर तळव्यातून मागं घसरला. त्यानं दात ओठ खाल्ले. दोर जागचा हलेना. खालून पुन्हा हिसका आला. किनुएनं आजवर कधी दुसरा हिसका दिला नव्हता.

"मार, पाय मार! शपथ सुटली!" तो पाण्यावर वाकून ओरडायला लागला. "किनुए, सुटली शपथ!"

तिला कुठलं ऐकू जायला! पण दोर एकदम सैल पडला आणि ती आपली आपण वर आली. ओठ निळे, डोळे लालभडक. होडीची कड धरून तिनं छाती फुटेस्तोवर श्वास घेतला आणि पहिला शब्द बोलली तो हा, "मोडली हो मी शपथ. माफ करा."

तिला आत ओढून घ्यायचाही जोर त्याच्यात उरला नव्हता.

त्याच संध्याकाळी दोराचं वेटोळं घेऊन तो मेहुण्याच्या दारात उभा राहिला. यासुओ म्हणजे चाळिशीचा दांडगा गडी. त्याची बायको समुद्र सोडून हॉटेलात कामाला लागली होती.

"काय दाजी, आज वाट चुकलात? की ताईनं हाकललं?"

"दोर आणलाय," तामेझो म्हणाला.

यासुओचं हसू मावळलं. त्यानं दोन्ही हात पुढं करून वेटोळं घेतलं.

किनुएनं घर डोक्यावर घेतलं. "मला विचारलंत? नवरा धडधाकट असताना मी भावाच्या दोरानं वर येऊ?" रडली, भांडली, जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी गेली. पोट कुणाला चुकलंय?

तामेझो दिवसभर अंगणात बसून होता. ती परतली तेव्हा त्यानं विचारलं नाही, तरी तीच सांगत सुटली. "यासुओला काही म्हणजे काही कळत नाही. रेड्यासारखा ओढतो मेला. कंबर सोलली माझी. तुमच्या हाताची सर नाही त्याला."

"खा आधी."

तिनं गरम सूप घेतलं, भात घेतला, पुन्हा भात घेतला. आणि खाता खाता, काही मनात न आणता, म्हणाली, "पण काय हो, आज पाय मारावे लागले नाहीत, तर छाती दुखली नाही. किती दिवसांनी..."

तिचा हात तिथंच थांबला. तिनं मान खाली घातली.

"बरं झालं," तामेझो म्हणाला. त्यानं आपल्या ताटातला मासा तिच्याकडे सरकवला. ती भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या, दिवेलागणीलाच, गाढ झोपली. त्यानं तिच्यावर पांघरूण घातलं, तिचं अर्धवट राहिलेलं ताट उचललं आणि मोरीत जाऊन ढसाढसा रडला.