पडद्याची दोरी

शरयूताईंनी नववं पान उलटलं, दहावं वाचलं आणि सगळा गठ्ठा टेबलावर असा आपटला की कप कलंडून चहा बशीत सांडला.

आनंदरावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. बायको कागद आपटते तेव्हा मध्ये पडू नये, हे ते केव्हाच शिकले होते. पण विजय नगरातली ती दुपार फार लांब होती आणि त्यांचं वर्तमानपत्रही वाचून झालं होतं.

"इतकी वाईट आहे काय?"

"चांगली आहे."

"मग रागावली काहून?"

"म्हणूनच," शरयूताई म्हणाल्या आणि फडकं आणायला उठल्या.

त्या हिंदी मुलखातल्या गावच्या मराठी मंडळाचा वर्धापनदिन रविवारी होता. सभासदांनी लिहिलेल्या चार एकांकिका व्हायच्या होत्या आणि शेवटी शरयूताईंनी त्यांचं रसग्रहण करायचं होतं. मंडळात नाटककार म्हणावं अशा त्या एकट्याच. मंडळाची सचिव क्षमा हिने फोनवर बजावलंही होतं, की दीदी, सगळ्यांचं कौतुकच करा, प्लीज, बिचारे नोकऱ्या सांभाळून तालमी करून राहिले. कौतुकाला त्यांची ना नव्हतीच. दुसऱ्याच्या लिखाणातली चांगली जागा सापडली की त्यांना स्वतःची सुचल्याइतका आनंद होई. पहिलीत एक विसरभोळी आत्या झकास उतरली होती. दुसरीत दाराची घंटा नेमक्या वेळी वाजत होती. तिसरीत तसं काही नव्हतं, पण लिहिणारी प्रणोती कॉलेजातली पोर होती, घरीसुद्धा हिंदीत बोलायची आणि तरी मराठीत लिहायला बसली होती. तेवढ्यावर पाच मिनिटं सहज बोलता आलं असतं.

चौथी गुणवंतरावांची होती. नाव 'डबा'.

रांझीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक माणूस रोज सकाळी भोंगा वाजला की उठून तयार होतो. बायको मुकाट्याने डबा भरून देते. तो मदन महल स्टेशनच्या बाकावर दिवस काढतो आणि पाळी सुटायच्या वेळी घरी येतो. कारखान्यात काय झालं ते सांगतो, ती ऐकते. एवढंच नाटक. शेवटच्या सकाळी तो डबा उचलतो, तर हाताला हलका लागतो. तो डबा हलवून पाहतो. आत काही वाजत नाही. बायकोकडे बघतो, ती केर काढत असते. मग तो रिकामा डबा तसाच हातात धरून दाराबाहेर जातो.

इथे नववं पान संपत होतं. हे वाचून शरयूताईंच्या अंगावर काटा आला होता. आणि पुढे दहाव्या पानावर ती बायको झाडू टाकून शेजारणीपाशी सगळं उलगडून सांगत होती: मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मी का बोलले नाही, माझं मन कसं जळत होतं. शिजलेल्या भातात पुन्हा पाणी ओतावं तसं.

चांगल्या नाटकाची माती झाली, हे रागाचं एक कारण. दुसरं कारण बावीस वर्षं जुनं होतं.

तेव्हा मंडळात शरयूताईंची 'फोटो' ही एकांकिका झाली होती आणि दिग्दर्शक गुणवंतराव होते. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला सगळं घर नटूनथटून फोटोला बसतं आणि नेहमीप्रमाणे कॅमेरा धाकट्या सुनेच्या हातात येतो. ती म्हणते, "हसा." सगळे हसतात. मग ती कॅमेरा खाली घेते आणि बोलू लागते. त्या बोलण्यासाठीच शरयूताईंनी नाटक लिहिलं होतं. सुनेचं काम करणाऱ्या पद्मजाने ते भाषण महिनाभर घोकलं होतं. शरयूताई तालमींना गेल्या नव्हत्या, ते त्यांना थेट प्रयोगातच ऐकायचं होतं. प्रयोगाच्या दिवशी "हसा" झालं, सगळे हसले, पद्मजाने कॅमेरा खाली घेऊन तोंड उघडलं आणि विंगेतल्या गुणवंतरावांनी दोरी ओढली. पडदा लागला. लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, किती खेळीमेळीचं, घरगुती नाटक. शरयूताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि शेजारची बाई त्यांना म्हणत होती, अय्या, आमच्या घरी अगदी असंच.

नंतर जाब विचारला तर गुणवंतराव म्हणाले, पाहुण्यांना गाडी पकडायची होती. एवढंच. त्यानंतर शरयूताईंनी लिहिलेलं सगळं नागपूरला गेलं, तिथे बक्षिसंही मिळाली, पण मंडळाला त्यांनी ओळसुद्धा दिली नाही. गुणवंतरावांशी नमस्कारापलीकडे शब्द नाही. आणि आता त्याच माणसाने असं काही लिहावं, आणि त्याचं कौतुक करायला त्यांनी उभं राहावं. तळपायाची आग मस्तकात जाईल नाही तर काय होईल?

गप्प बसणं सोपं होतं. रविवारी नाटक आपल्या पायांनी खड्ड्यात जाताना पाहायचं आणि गोड बोलून खाली बसायचं. त्यांनी तसं ठरवूनही पाहिलं. पण दुसऱ्याच्या चुलीवरची भाजी करपायला लागली तरी हात आपोआप पुढे होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑटो करून रांझीला गेल्या.

गुणवंतरावांनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले. पत्नी इंदिराबाई गेल्यापासून ते एकटेच राहत. खोलीत एकच खुर्ची मोकळी होती, बाकी सगळीकडे कपडे नाही तर कागद. शरयूताई बसल्या नाहीत.

"तुमचं नाटक चांगलं आहे," त्या म्हणाल्या, जणू तक्रार नोंदवत होत्या. "पण ते नवव्या पानावर संपतं. तो दाराबाहेर गेला की पडदा. दहावं काढून टाका."

गुणवंतरावांनी दार लोटून घेतलं.

"अच्छा," ते म्हणाले. "बावीस वर्षांनी सूड घेऊन राहिल्या तुम्ही."

"सूड घ्यायचा असता तर घरी बसले असते."

हे त्यांना पटलं असावं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग अडखळत सांगू लागले. निवृत्तीनंतर वर्षभर ते स्वतःच असे डबा घेऊन निघत. एक दिवस इंदिराने डबा रिकामा दिला. ती त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही कधी नाही.

"ते दहावं पान तिचं आहे," ते म्हणाले. "बोलली असती तर हेच बोलली असती, असं वाटते मला. तिला बोलू द्यायचं नाही काय?"

"ती बोलली नाही म्हणून तर तुमचं नाटक झालं," शरयूताई म्हणाल्या. "माझी सून बोलणार होती, गुणवंतराव. तिच्या तोंडावर तुम्ही पडदा ओढला."

एकट्या पडलेल्या माणसाला असं बोलू नये, हे त्यांना कळत होतं. तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. गुणवंतराव पुटपुटले, चाय ठेवतो. त्या चहा न घेता निघाल्या.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला होता. मंडळाने मध्यंतरी विजेवर चालणारा पडदा बसवला होता, तो दुसऱ्याच वर्षी अडकला आणि पुन्हा जुनी दोरी आली. तीन एकांकिका झाल्या. लोक आत्येला पोट धरून हसले. प्रणोतीच्या नाटकात नायक घाईघाईत हिंदीत घुसला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. चौथी सुरू व्हायच्या आधी क्षमा वाकून शरयूताईंच्या कानाशी आली.

"दीदी, गुणवंतजी बोलून राहिले, की त्यांच्या नाटकाची दोरी तुम्हीच धरायची. काहून ते सांगत नाहीत. चलो न."

विंगेत दोरी खुंटीला गुंडाळलेली होती. गुणवंतराव संहिता घेऊन स्टुलावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. शरयूताईंनी दोरी हातात घेतली आणि त्यांना सगळं लख्ख समजलं. हा माणूस हिशेब मिटवायला निघाला होता. मी तुमच्यावर ओढला, तुम्ही माझ्यावर ओढा, झाली फिट्टंफाट. माफी मागायला नको, तोंड उघडायला नको. दहावं पान फाडायचं धाडस स्वतःला होत नाही, तर तेही त्यांच्याच हातून. त्यांचे कान तापले.

नाटक रंगलं. भोंगा वाजला, डबा उचलला गेला, हातात हलला. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तो माणूस दाराबाहेर गेला. गुणवंतरावांचं बोट पानावर थांबलं.

शरयूताईंनी दोरी घट्ट धरली आणि ओढली नाही.

दहावं पान सुरू झालं. शेजारीण आली, बायको बोलू लागली. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. मग दुसरं. मागे दोन-चार मोबाइल उजळले. समोसे आले का, असा एक पुरुषी आवाज दाराशी आला. मेघना नावाची ती नटी जीव तोडून बोलत होती आणि गुणवंतराव संहितेत न बघता खाली जमिनीकडे बघत होते. शेवटचा शब्द झाला तेव्हा शरयूताईंनी पडदा ओढला. टाळ्या पडल्या, रीतीच्या.

रसग्रहणात त्या जे बोलल्या त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आत्येबद्दल बोलल्या, घंटेबद्दल बोलल्या, प्रणोतीला उभं करून शाबासकी दिली. शेवटी 'डबा'बद्दल म्हणाल्या, की या मंचावर आजवर जे झालं, माझं धरून, त्यात हा रिकामा डबा सगळ्यात भरलेला होता. दहाव्या पानाबद्दल चकार शब्द काढला नाही. बोलताना आवाज असा चढला होता की आनंदराव मागे क्षमाला म्हणाले, ही तारीफ करून राहिली, घाबरू नको.

लोक चहाकडे गेले. शरयूताईंचा चष्मा विंगेत राहिला होता, तो घ्यायला त्या परत आल्या. रसग्रहणासाठी उघडलेला पडदा तसाच होता. समोर रिकाम्या खुर्च्या, आणि मंचाच्या मधोमध गुणवंतराव डबा हातात घेऊन उभे.

"ओढली नाही तुम्ही," ते म्हणाले.

"तुमचं पान आहे. फाडायचं तर तुम्ही फाडा. तुमचं पाप माझ्या हातून धुऊन घेऊ नका."

गुणवंतरावांनी मान हलवली. म्हणाले, "पाहुण्यांची गाडी रात्रीची होती. ते मी खोटंच सांगितलं. भाषण मला लांब वाटलं होतं. तुमच्याशी बोलायची हिंमत झाली नाही." मग म्हणाले, "पाठ आहे अजून. महिनाभर मीच पद्मजाला सांगत होतो न."

"म्हणून दाखवा," शरयूताई म्हणाल्या.

हे त्यांनी गुणवंतरावांना उघडं पाडायला म्हटलं होतं. पण ते खरंच पद्मजाच्या जागी जाऊन उभे राहिले. डबा कॅमेऱ्यासारखा डोळ्यांपाशी धरला. म्हणाले, "हसा." मग तो खाली घेतला.

"या घरातले सगळे फोटो मी काढले. एकातही मी नाही. आता कोणीतरी उठा आणि माझा काढा, मी हसणार नाही. कारण हसू हा स्त्रीचा अलंकार म्हणून तुम्ही माझ्या गळ्यात बांधलात. सीतेला कोणी विचारलं, बाई, तू शेवटची कधी हसलीस? द्रौपदी एकदा हसली तर तुम्ही तिच्या नावावर अख्खं युद्ध लिहिलंत. अरे, ही धरणीमाता सुद्धा..."

एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. बावीस वर्षं जे भाषण शरयूताईंनी मनात, झोपेत, भांडणात म्हटलं होतं, ते पहिल्यांदा त्यांच्या कानांवर पडत होतं. धरणीमाता आली, मग युगायुगांची साखळी आली, मग मशाल आली. बाहेर कपबश्या वाजत होत्या. शरयूताईंनी खुंटीचा आधार घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि या वेळी तो लालपणा कोणावर काढावा ते त्यांना समजेना.

"थांबा," त्या म्हणाल्या.

गुणवंतराव मशालीपाशी थांबले.

"परत म्हणा. 'हसा'पासून."

त्यांनी डबा पुन्हा डोळ्यांपाशी धरला, खाली घेतला. "या घरातले सगळे फोटो मी काढले," ते म्हणाले. "एकातही मी नाही. आता कोणीतरी उठा आणि माझा काढा, मी हसणार नाही."

शरयूताईंनी दोरी ओढली.

पडद्याच्या कड्या करकरल्या, दोन्ही बाजू मधोमध येऊन मिळाल्या आणि खुर्च्या दिसेनाशा झाल्या. गुणवंतराव तसेच तोंड उघडं ठेवून उभे होते. शरयूताईंनी दोरी सावकाश खुंटीला गुंडाळली, चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तीन वाक्यं होती, गुणवंतराव," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं, तर बाकीची मीच काढली असती."