एकवीस दिवाळ्यांचा रंग

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी इब्राहिम पेंटरनं भिगवणहून निघायचं, हायवेलगतच्या आमराई पार्कात जायचं आणि तिथल्या ‘जुन्या गावा’ला रंग द्यायला लागायचं, हा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहली सुरू होतात. त्याआधी गाव चकचकीत व्हायला हवं. लोहार, कुंभार, मोट हाकणारा गडी, जात्यावरच्या दोन बायका आणि झाडाखालची शाळा, सगळे सिमेंटचे पुतळे आणि सगळे त्याच्याच हातचे.

यंदा फाटकावरच्या माणसानं त्याला अडवलं आणि आधी ऑफिसात जायला सांगितलं.

ऑफिसात उत्कर्षा होती. पार्क बांधणाऱ्या रणजितदादांची ही मुलगी. वडील गेल्यापासून कारभार तीच बघायची. तिनं इब्राहिमला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चहा येईपर्यंत लॅपटॉपवर काहीतरी शोधत राहिली.

“काका, यंदा रंग नकोय.”

“पोपडं आल्यात म्हणून म्हनताय व्हय? पाऊसच लई झाला, ताई. मी घासून घेतो की सगळं.”

“नाही. जुनं गाव आपण काढतोय.” तिनं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. पडद्यावर आ वासलेला एक डायनासोर होता. “उन्हाळ्यापर्यंत ह्यांची दरी करायचीय. हलणारे आहेत, ओरडतात. काका, मोट काय असते ते आता पोरांनाच नाही, त्यांच्या बाईंनासुद्धा ठाऊक नसतं. एकदा बघून गेलेले लोक परत येत नाहीत. पुण्याकडच्या पार्कांत दर चार-पाच वर्षांनी सगळं नवं करतात. आपणच मागं राहिलो.”

इब्राहिमनं मान हलवली. तिचं खोटं नव्हतं. मागच्या काही वर्षांत चावडीचा सेल्फी पॉइंट झालाच होता. लोहाराच्या भट्टीत निळे-लाल दिवे त्यानंच बसवले होते.

“बाबांनी डाळिंबाची बाग काढून हे गाव बांधलं, तेव्हा आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते,” उत्कर्षा म्हणाली. मग टेबलाकडं बघत हळूच म्हणाली, “सोमवारी जेसीबी येईल. त्याआधी शमशादला तुम्ही घेऊन जा.”

शमशाद म्हणजे इब्राहिमची मुलगी. गाव बांधायला घेतलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुतळ्यांसाठी चेहरे आणायचे कुठून, हा प्रश्न त्यानं ओळखीच्या माणसांना बसवून सोडवला. वरकुट्याचा सावळाराम लोहार झाला. मोटकऱ्याला त्यानं स्वतःच्या मेव्हण्याचा चेहरा दिला. शाळेतल्या पाच पोरींतली एक शमशाद झाली. पाटी मांडीवर घेऊन ती दोन दिवस त्याच्यासमोर बसली होती, मुंग्या आल्या म्हणून रडली होती आणि एका बर्फाच्या गोळ्याच्या बोलीवर पुन्हा बसली होती. पार्क उघडलं त्याच पावसाळ्यात मेंदूज्वरानं ती चार दिवसांत गेली. तिचा फोटो म्हणाल तर शाळेच्या ग्रुपमधला एक, त्यात ऊन डोळ्यांवर आलेलं आणि तोंड मसुराच्या दाण्याएवढं.

तेव्हापासून इब्राहिमला दिवाळी आली की पार्काची ओढ लागायची. बाकीचं गाव तो आठ दिवसांत उरकायचा, पण शाळेला चार दिवस लावायचा. सहलीची पोरं फोटो काढताना शमशादचं नाक धरायची, गाल ओढायची. दरवर्षी नाक झिजायचं. तो व्हाइट सिमेंटनं ते भरून घ्यायचा, तड गेली असेल तिथं लांबीची पुट्टी भरायचा, घासायचा आणि वरून रंग द्यायचा. बघून रंगवायला समोर काही नसायचं. कुणी विचारलं तर म्हणायचा, “हाताला ठावं हाय.” साथीच्या दोन वर्षांत पार्क बंद होतं. कुणी बोलावलं नव्हतं. तरी तो वॉचमनला सांगून आत गेला होता आणि एकट्या तिलाच रंगवून आला होता.

आता तिला काढायचं कसं? पाचही पोरं चौथऱ्यासकट एकाच जाळीवर ओतलेली होती. कुणी ढकललं तरी हलू नयेत म्हणून त्यानंच तसं केलं होतं. मांड्या चौथऱ्यात मिसळलेल्या, आत विटांचे तुकडे. कापायला गेलं तर सगळंच भसकलं असतं. फार तर चेहरा तेवढा कापून निघाला असता.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, शबीनाला, चेहरा कापून आणायचं सांगितलं. ती दारात बसून घेवडा सोलत होती.

“घरात ठिवायचं न्हाई,” ती म्हणाली. “आपल्यात चालत न्हाई तसलं.”

“कपाटात ठिवू. फडक्यात बांधून.”

“कपाट घरातच हाय न्हवं?”

तिनं सालं एका बाजूला सारली. मग म्हणाली, “सोमवारी मी बी येते.”

इब्राहिमला नवल वाटलं. एकवीस वर्षांत शबीना पार्काकडं फिरकली नव्हती. तिला सोसत नसेल, असं तो धरून चालला होता आणि त्यानं तिला कधी आग्रह केला नव्हता.

सोमवारी दोघं सकाळीच पोचली. फाटकाशी सावळाराम टोपी सारखी करत उभा होता.

“ये, इब्राहिम. आज माझी मयत हाय, म्हनलं जाऊन यावं.”

“तुला कुनी सांगितलं?”

“अख्ख्या वरकुट्यात बोभाटा झालाय. नातू म्हनला, आबा, तुमच्यावरनं जेसीबी जानार.” तो शबीनाकडं वळला. “वैनी, ह्यानं मला लोहार केला, म्या कधी काय म्हनलो न्हाई. पर पोट बघा माझं त्या पुतळ्याचं. ह्यो ऐरणीवर घाव घालनारा गडी वाटतोय का एखाद्या कारखान्याचा चेअरमन?”

“तवा तुझं पोट तसंच हुतं,” इब्राहिम म्हणाला.

“आता न्हाई न्हवं? मग दरसाली रंग देताना जरा घासायचं हुतंस.”

शबीना पदराआड हसली. जेसीबी लोहाराच्या बाजूला येऊन लागला होता. तो चालवणारा ऋतिक भिगवणचाच. त्यानं वरून हात केला. “चाचा, तुमचं उरकून घ्या. मी या टोकापासनं घेतो. शाळा शेवटाला.”

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. इब्राहिमनं पिशवीतून खरवडायची पत्री काढली, रंग काढायचं औषध काढलं, ग्राइंडरची वायर शेजारच्या खांबावरच्या प्लगपर्यंत नेऊन ठेवली. चेहरा कापण्याआधी रंग उतरवायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पहिल्या सालचा चेहरा हवा होता त्याला, त्याच्यावर चढलेले थर नकोत. शबीना मागं उभी राहिली.

औषध मुरल्यावर रंग सुरकुतला आणि पत्रीखाली सालीसारखा निघायला लागला. वरचा गुलाबी, तो मागच्या सालचा. त्याखाली गव्हाळ. त्याखाली पुन्हा गोरापान, कारण एका साली मॅनेजरनं सांगितलं होतं की फोटोत पोरं काळी येतात. ओठांचा लाल, मग तपकिरी, मग पुन्हा लाल. कपाळावर एक टिकली निघाली. एका साली पाचही पोरींना टिकल्या लावायला सांगितलं होतं आणि त्यानं लावल्या होत्या. पुढच्या साली तिची तेवढी स्वतःहून रंगाखाली झाकली होती. पाटीवरसुद्धा आधी ‘क ख ग’ होतं, मग स्वच्छतेची घोषणा आली, मग इंग्रजी अक्षरं.

पत्री नाकापाशी आली. तिथं जरा जोर लावावा लागला. मग काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि नाक, वरचा ओठ आणि डावा गाल, एवढा तुकडाच्या तुकडा त्याच्या हातात आला.

आत चेहरा नव्हता. गंजलेली जाळी होती आणि तिच्यामागं विटेचा तुकडा.

त्यानं तो तुकडा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. सगळी लांबी आणि व्हाइट सिमेंट. मूळचं राखाडी सिमेंट त्यात नखाएवढंसुद्धा नव्हतं. तेव्हा त्याला उमगलं. नवा रंग धरायचा तर जुन्याला घासावं लागतं, हे तर पेंटरच्या हाताखाली पहिल्या दिवशी शिकवतात. दरवर्षी त्यानं आधी घासलं होतं, मग भरलं होतं. मूळचा चेहरा पोरांच्या हातांनी जितका गेला असेल, त्याहून जास्त त्याच्या पॉलिश पेपरनं गेला होता. कधी गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाचव्या साली असेल, आठव्या साली असेल. त्यानंतर तो कुणालातरी रंगवत होता.

“गेली गं,” तो म्हणाला.

शबीना पुढं आली. तिनं त्याच्या हातातला तुकडा घेतला आणि चौथऱ्यावर ठेवला.

“कवाच गेलीय,” ती म्हणाली. “मी बघितलंय.”

“तू कवा बघितलंस?”

“तिसऱ्या साली. आपल्या धाकट्या मोईनच्या शाळंची सहल आलती, आयांना बी बोलावलं हुतं. तुमास्नी बोलले न्हाई.” ती पुतळ्यांकडं बघत होती. “म्या हितं हुबी ऱ्हायले. पाचातली आपली कुठली, त्येच मला कळंना. शेवटाला मोईननं दाखवली, ही अप्पी म्हनून. त्याला तुमी सांगितलं हुतं, डावीकडनं तिसरी हाय म्हनून.”

“मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? दिवाळीच्या आधी महिनाभर तुमच्या तोंडात दुसरं नसायचं. रंग कुठला आनायचा, ब्रश बारीक पायजे का जाड. तेवढ्याच दिसांत तुमी नीट जेवायचा.”

पलीकडं जेसीबी सुरू झाला. लोहाराची भट्टी कोसळल्याचा आवाज आला आणि सावळाराम मोठ्यानं काहीतरी म्हणाला. ऋतिक हसला.

इब्राहिम खाली बसला. “नाक कसं हुतं तिचं? तू सांग. अजून करता येईल मला.”

शबीनानं तोंड उघडलं, बोट स्वतःच्या नाकापर्यंत नेलं आणि तसंच ठेवलं. “तुमच्यावानी न्हवतं,” ती म्हणाली. बोट खाली घेत म्हणाली, “मला बी आता नीट सांगता येत न्हाई.”

उभं राहून तिचे गुडघे दुखले असावेत. सहलीची पोरं बसतात तशी ती चौथऱ्यावर पुतळ्याला लागून बसली. टेकायला तिनं हात पाटीच्या कडेवर ठेवला. बोटं पाटीखाली गेली आणि तिथंच थांबली.

तिनं दुसरा हातही पाटीखाली घातला आणि चाचपलं, डोळे मिटून.

“हितं या,” ती म्हणाली.

इब्राहिम गुडघ्यांवर टेकला आणि मान वाकडी करून पाटीखाली बघितलं. तिथं डाव्या हाताचा पंजा होता, पाटीला खालून आधार दिलेला. उजव्या हातातली पेन्सिल लोकांना दिसायची, म्हणून तो हात दरवर्षी रंगायचा. खालचा हात कुणाला दिसत नव्हता. तिथं ब्रश पोचत नव्हता आणि पोचवायची त्याला कधी गरजही वाटली नव्हती. नुसतं राखाडी सिमेंट, पहिल्या दिवशी ओतलं तसं. करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. शमशाद चार वर्षांची असताना ती दारात चेंगरली होती. नखं कुरतडून अर्धी केलेली.

शबीनानं दोन बोटांनी ती करंगळी धरली.

मग इब्राहिम उठला. एकदम त्याच्या अंगात जोर आल्यासारखं झालं. “हात काढून घेऊ. मनगटापासनं. सळई बारीक हाय तितं, दोन मिंटांचं काम.” त्यानं वायर प्लगला लावली. ग्राइंडर गुरगुरला. “शबीना, हात काढ तुझा.”

तिनं हात काढला नाही.

“न्हाई,” ती म्हणाली.

“अगं, जेसीबीखाली चुरा हुईल त्याचा. हात हाय नुसता. घरात ठिवायला काय हरकत?”

“पोरीचा हात कापायचा न्हाई.”

“चेहरा कापायला आलो हुतो न्हवं आपण?”

“चेहरा तिचा न्हवता.”

ग्राइंडर त्याच्या हातात फिरत राहिला. मग त्यानं बटण बंद केलं, पातं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघितली आणि वायर गुंडाळून ठेवली. तो बायकोशेजारी बसला. तिनं जरा सरकून जागा केली. त्यानंही हात पाटीखाली घातला. दोघांचे हात मावतील एवढी जागा तिथं नव्हती. मग तिनं आपला एक हात काढून घेतला.

दुपारपर्यंत लोहार गेला, कुंभार गेला, मोट गेली. सावळाराम एकदा येऊन बघून गेला. टोपी काढून पुन्हा घातली आणि ऋतिककडं परत गेला. सावळाराम आणि ऋतिकनं मग जेवण काढलं आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ जेवत बसले. उत्कर्षा ऑफिसच्या दारापर्यंत येऊन दोनदा आत गेली. साडेतीनला पाडायला दुसरं काही उरलं नव्हतं. ऋतिकनं गाडी थोडी जवळ आणली आणि इंजिन बंद करून खाली बघत बसला.

शबीनाच आधी उठली. तिनं पदर डोक्यावरून घेतला.

“चला,” ती म्हणाली.

दोघं फाटकाकडं निघाली. निम्म्या वाटेवर मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. इब्राहिम थांबला. शबीनानं मागं वळून बघितलं नाही. तिनं त्याच्या हातातली अवजारांची पिशवी आपल्याकडं घेतली आणि त्याचं मनगट धरून ती चालत राहिली.